स्टिअरिंगचा आवाज आणि एक चपटी ओ-रिंग

गाडीचं पॉवर स्टिअरिंग कण्हायला लागलं की गॅरेजातून पहिलं उत्तर येतं, ‘पंप गया’. रायपुरात हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. कधी कधी पंप खरोखरच गेलेला असतो. पण माझी नोकरी उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या देखभालीत गेली, आणि तिथे एक गोष्ट हाडीमासी खिळली: आवाज जिथून येतो तिथेच दोष आहे असं धरून चालायचं नाही. हायड्रॉलिक यंत्रात पुष्कळदा ओरडतो एक भाग आणि दुखणं असतं दुसऱ्याचं.

हे मला शिकवलं ते भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या एका छत्तीसगढी मिस्त्रींनी. मिलमधला एक मोठा पंप रात्रपाळीत किंचाळायला लागला होता. आम्ही सगळे पंप उतरवायच्या तयारीला लागलो. मिस्त्रींनी पंपाला हातही लावला नाही. टाकीपासून पंपापर्यंत येणाऱ्या सक्शनच्या पाइपावर कान ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, “पंप भूखन मरत हे.” म्हणजे पंप धडधाकट आहे, त्याला पोटभर तेल मिळत नाहीये. मग तेलाची बुधली घेतली आणि सक्शनच्या एकेका जोडावर थेंब थेंब सोडत गेले. एका फ्लँजवर तेल पडताच किंचाळी एकदम बसली आणि तेल आत ओढलं गेल्यावर पुन्हा सुरू झाली. त्या जोडातून हवा आत जात होती. बाहेर तेलाचा टिपूसही नव्हता.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. पंपाच्या पुढच्या बाजूला दाब असतो, तिथे भेग पडली तर तेल बाहेर येतं आणि डोळ्यांना दिसतं. पंपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे टाकीकडून तेल ओढलं जातं तिथे, इंजिन चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. तिथे जोड सैल झाला तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. गळती शोधणारा माणूस टॉर्च घेऊन गाडीखाली पाहतो, जमीन कोरडी दिसते, आणि गळती नाही म्हणून सांगतो.

आमची गाडी जुनी, सात आसनांची, डिझेलवर चालणारी. रायपुरातल्या बहुतेक मराठी घरांचं एक पाऊल नागपुरात असतं, तसं आमचंही आहे. लग्नकार्य, दवाखाना, देवदर्शन, काहीही निघालं की राजनांदगाव, देवरी, भंडारा करत ही गाडी जाते. बस्तरकडे गेलो तर केशकालचा घाट लागतो. त्याच्या बारा वळणांवर समोरून लोखंडाचे आणि लाकडाचे ट्रक उतरत असतात आणि तिथे स्टिअरिंगने हाताला साथ द्यावीच लागते. त्यामुळे एका हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर बॉनेटखालून बारीक ‘हूंऽऽ’ ऐकू यायला लागलं तेव्हा मी ते उद्यावर ढकललं नाही. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. गाडी गेटातून बाहेर काढताना चाक वळवलं की आवाज जाड व्हायचा आणि स्टिअरिंगच्या चाकात बोटांना बारीक थरथर जाणवायची. अर्धा तास चालवल्यावर आवाज बराच कमी व्हायचा.

एका गॅरेजात दाखवलं. मालकाने बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, चाक दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि नवा पंप, तेल आणि मजुरी धरून आकडा सांगितला. आकडा आमच्यासारख्या पेन्शनीच्या घराला जड होता. त्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्या दारात चार गाड्या उभ्या होत्या आणि एकाच गाडीच्या आवाजाला तासभर देणं त्याला परवडणारं नव्हतं. माझ्याकडे वेळ होता. गाडी घरी आणली.

आता पॉवर स्टिअरिंग चालतं कसं ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय आवाजाचा अर्थ लागत नाही. इंजिनावरच्या पट्ट्याने एक छोटा पंप फिरतो. तो डबीतलं तेल ओढून स्टिअरिंगच्या रॅककडे ढकलतो आणि तेल दुसऱ्या नळीने डबीत परत येतं. चाक फिरवलं की स्टिअरिंगच्या दांड्यातली एक बारीक सळई थोडीशी पिळली जाते. तेवढ्या पिळाने व्हॉल्व्हची भोकं उघडझाप होतात आणि तेलाचा जोर रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला लागतो. बसल्या जागी चाक पार टोकापर्यंत वळवलं तर हा दाब पुष्कळ गाड्यांत 80 ते 100 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या 80-100 पट चढतो. हे काम अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने पुढे नेलं. पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकचं काम केलेल्या या माणसाने 1926 मध्ये आपली रचना गाडीत बसवून दाखवली. त्याची युक्ती अशी की तेल सतत वाहतं ठेवायचं आणि चाक वळवलं तेवढ्यापुरताच दाब चढू द्यायचा. बाजारात मात्र ही सोय विकत मिळणारी गोष्ट म्हणून आली ती 1951 मध्ये, क्रायस्लर इम्पीरिअलमध्ये.

तेल सतत वाहतं, म्हणूनच चाक सरळ असतानाही पंपाचा आवाज येऊ शकतो. आणि आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत असेल तर शोध पंप आणि पट्टा यांच्या आसपासच घ्यायचा. चाकं खड्ड्यातून गेल्यावर ‘खट्’ होत असेल तर तो बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा रॅकच्या बुशचा प्रश्न आहे, पंपाचा नाही. वळवताना ‘चींऽ’ असा चिरका आवाज आला तर बहुधा पट्टा घसरतो आहे. आणि चाक अगदी टोकाला नेल्यावर ‘स्स्स’ असा फुसकारा आला तर तो बहुतेक गाड्यांत दोषच नसतो. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल त्यातून वाट काढतं.

मी पट्ट्यापासून सुरुवात केली. इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, पट्ट्यावर बाटलीतून पाण्याचा फवारा मारला. पट्ट्याचा आवाज असता तर पाणी पडताच तो बदलला असता. बदलला नाही. मग इंजिन बंद करून पट्टा सैल केला आणि काढून ठेवला. आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा वेगळा आहे, म्हणून हे करता आलं. ज्या गाडीत एकच लांब पट्टा पाण्याचा पंप, अल्टरनेटर सगळं फिरवतो तिथे हे करू नये. पट्टा नसताना इंजिन थोडा वेळ चालवलं तर ‘हूं’ गायब. म्हणजे अल्टरनेटर आणि बाकीचे बेअरिंग निर्दोष ठरले. पट्टा परत चढवला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली. आत गरगर ऐकू येत होती, पण खरखर नव्हती. बेअरिंग खाल्लं गेलं असतं तर धातूची खरखर आली असती.

आता तेल. डबीचं झाकण उघडण्याआधी मी ओल्या फडक्याने ती सगळी पुसून घेतली. हे इथे सांगायलाच हवं. उरला-सिलतरा पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. आमच्या गच्चीवर सकाळी झाडू मारला की काळी पूड निघते. तीच पूड बॉनेटखाली झाकणाच्या कडेला बसलेली असते. झाकण तसंच फिरवलं तर चिमूटभर पूड तेलात पडते. लोखंडाचे कण असलेल्या पुडीने पंपाच्या पात्यांचं काय होतं ते मी मिलमध्ये उघडलेल्या पंपांत पुष्कळदा पाहिलं आहे.

तेलाची पातळी खुणेच्या थोडीच खाली होती. रंग मात्र बदललेला होता. ते लाल तेल विटकरी झालं होतं आणि वर फिकट गुलाबी फेसाची कडा होती. मी इंजिन बंद करून नुसता पाहत बसलो. फेस हळूहळू विरला, बारीक बुडबुडे वर येत राहिले. नेहमीच्या हवेच्या दाबाला खनिज तेलात सुमारे 9 टक्के हवा विरघळलेली असतेच. ती दिसत नाही आणि त्रासही देत नाही. बुडबुडे दिसतात ती हवा बाहेरून आलेली असते, नाहीतर दाब फार उतरल्यामुळे तेलातून सुटलेली असते. हे बुडबुडे पंपाच्या दाबाच्या बाजूला पोचले की फुटतात. एकेक बुडबुडा अगदी बारीक, पण फेऱ्यांच्या वेगाने असे असंख्य फुटत राहिले की त्याचाच तो ‘हूं’ होतो. वर्षभर असं चाललं की पंपाच्या आतल्या गुळगुळीत पोलादावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि मग पंप खरोखरच जातो.

थंडीत आवाज जास्त आणि गाडी तापल्यावर कमी, हा दुसरा पुरावा. थंड तेल घट्ट असतं, ते ओढताना सक्शनच्या बाजूचा दाब आणखी उतरतो. म्हणजे तिथे जोड सैल असेल किंवा जाळी तुंबली असेल तर सकाळीच जास्त बोलणार. पंप झिजलेला असता तर उलट झालं असतं: तेल तापून पातळ झाल्यावर स्टिअरिंग जड व्हायला लागलं असतं.

मग मिस्त्रींची युक्ती. डबीतून पंपाकडे येणारी रबरी नळी आणि पंपाच्या तोंडावर बसवलेली छोटी प्लास्टिकची कोपरी, एवढंच आमचं सक्शन. मुलीला इंजिन सुरू करून स्टिअरिंग अगदी सरळ धरायला सांगितलं. नळीच्या क्लिपवर बोटाने जाडसर ग्रीस फासलं. काही फरक नाही. मग पट्ट्यापासून बोट जपत कोपरी जिथे पंपात घुसते त्या जोडावर, सगळीकडून. “बाबा, गाडी बंद झाली का?” मुलगी आतून ओरडली. गाडी चालू होती. तो कण्हण्याचा सूर तेवढा तुटला होता. थोड्या वेळात ग्रीस आत ओढलं गेलं आणि सूर परत आला. याहून स्पष्ट निदान कुठल्याही यंत्राने सांगितलं नसतं.

कोपरी एकाच बोल्टने धरलेली असते. आधी डबीतलं तेल उपसून घेतलं. त्यासाठी मेडिकलच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली होती. बोल्ट काढून कोपरी हलकेच फिरवत ओढली, तशी तिच्या खाचेतली ओ-रिंग हाती आली. करंगळीच्या टोकाला बसेल एवढी. नवी ओ-रिंग बोटांत दाबली की दबते आणि सोडली की गोल होते. ही दोन्ही बाजूंनी चपटी झाली होती, नखाने दाबली तर खूणही उमटत नव्हती, आणि वाकवल्यावर एका जागी चीर दिसली. रायपुरात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. त्यात बॉनेटखालची धग. वर्षानुवर्षं भाजत राहिलं की नायट्राइल रबर कडक होतं आणि खाचेची भिंत सोडतं. इंजिन तापलं की प्लास्टिक आणि धातू फुगून फट थोडी बुजते, म्हणून अर्ध्या तासाने आवाज उतरत होता.

ती रिंग घेऊन टाटीबंधला गेलो. तिथे जाण्याचं कारण आहे. मोटारगाड्यांत आता विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग आलं आहे. 1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा आलं आणि आज नव्या मोटारींत बहुतेक तेच असतं. त्यात ना तेल, ना पंप, ना ओ-रिंग. गॅरेजातल्या तरुण मुलांचा या तेलाशी संबंध कमी होत चालला आहे. ट्रकचं तसं नाही. पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला, जिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही 1981 मध्ये स्थापन झालेली कंपनी ट्रक-बसचे हायड्रॉलिक स्टिअरिंग गिअर बनवते. कोळसा, लोखंड, सिमेंट वाहणारे ट्रक जिथे दुरुस्त होतात, त्या टाटीबंधसारख्या ठिकाणी हे ज्ञान अजून हातात आहे. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझी चपटी रिंग पाहिली, पंपाचं तोंड कसं आहे विचारलं, जुन्या रिंगवरून माप घेऊ नका म्हणाले, कारण ती दबलेली आहे, आणि कोपरीच्या खाचेत बसवून दोन मापं तपासायला लावली. कोपरी सोबत नेली होती म्हणून बरं झालं. किंमत चहा-समोशाएवढी.

घरी येऊन डबीही उतरवली. पुष्कळ गाड्यांत डबीच्या तळाशी बारीक जाळी असते आणि तिची आठवण कुणालाच नसते. आमच्या जाळीवर काळा, चिकट थर होता. थोडं नवं तेल घालून हलवत हलवत तो सोडवला आणि स्वच्छ पांढऱ्या कापडावर ओतून पाहिला. चुंबक फिरवल्यावर फार काही चिकटलं नाही. धातूचे चकचकीत कण निघाले असते तर मी पंप उघडायचा विचार केला असता. हे बहुतेक रबराचं पीठ होतं.

नवी रिंग तेलात बुडवून खाचेत बसवली. कोरडी बसवली तर पीळ पडतो. नळीची जुनी तारेची क्लिप सैल वाटली म्हणून स्क्रूची लावली. तेल कोणतं घालायचं ते डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेच घालायचं. आमच्या गाडीला डेक्सरॉन जातीचं लाल तेल लागतं, काही गाड्यांना हिरवं लागतं. दोन्ही मिसळू नयेत. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही. त्याने पंपाचे आणि रॅकचे सील फुगतात, आणि मग खर्च रॅकपर्यंत जातो.

हवा काढण्याचं काम धीराचं आहे आणि इथेच घाई होते. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढचा भाग जॅकने उचलून पक्क्या घोड्यांवर ठेवला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, मग काम कितीही छोटं असो. इंजिन बंदच. मुलीने चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि मी डबीत पाहायचं. प्रत्येक फेरीला बुडबुड्यांचा एक घोस वर यायचा, पातळी उतरायची, मी तेल घालायचो. बुडबुडे येणं थांबल्यावर मगच इंजिन सुरू केलं आणि पुन्हा तेच. टोकाला धरून ठेवायचं नाही, तिथे तेल झपाट्याने तापतं. तेल पुन्हा किंचित दुधाळ झालं तेव्हा इंजिन बंद करून रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी तेल आरपार लाल होतं. किल्ली फिरवली, चाक वळवलं. कण्हणं थांबलेलं होतं.

उपसलेलं तेल मी जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजात दिलं, तिथे वापरलेलं तेल नेणारे येतात. आमच्या नाल्या शेवटी खारून नदीला मिळतात आणि शहर खारूनचंच पाणी पितं. अंगणात काम करणाऱ्याने एवढं तरी पाळायला हवं.

आता जे सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मी त्या दिवशी पंप बदलला असता तरी आवाज गेलाच असता. नव्या पंपाबरोबर तोंडाची रिंग नवी बसते, तेल नवं पडतं, हवा काढली जाते. गाडी शांत होते. मालक खूश, मिस्त्री खूश, आणि दोघांचीही खात्री पटते की पंपच गेला होता. पुढच्या गाडीला हाच निर्णय आणखी ठामपणे दिला जातो. जुना पंप भंगारात जातो, तो उघडून कुणी पाहत नाही, त्यामुळे चूक कधी उघडी पडत नाही. मिलमध्ये आम्ही काढलेला प्रत्येक पंप उघडून पाहायचो आणि वहीत लिहायचो. त्यामुळेच कळायचं की काढलेल्या पंपांपैकी बरेचसे चांगले होते. ही वही गॅरेजात नाही, आणि ती नाही म्हणून ‘पंप गया’ टिकून आहे.

म्हणून पंप बदलायलाच लागला तर जुना पंप मागून घ्या आणि आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगा. आतल्या कड्यावर बारीक खड्डे किंवा ओरखडे असतील तर निर्णय बरोबर होता. कडं गुळगुळीत असेल तर पुढच्या वेळी आधी सक्शनची ओ-रिंग आणि जाळी पाहायला सांगा. मात्र स्टिअरिंग एकाएकी जड झालं, चाकात पोकळी जाणवू लागली, किंवा रॅकच्या टोकाच्या रबरी बुटातून तेल ठिबकू लागलं, तर घरी काही करत बसू नका. गाडी टो करून चांगल्या मिस्त्रीकडेच न्या.